झोप लागते का रे?

गेल्या दिवाळीतली नरकचतुर्दशीची पहाट. पुण्याला कॉट बेसिसवर राहून इंजिनियरिंग शिकणारा आमचा पुतण्या सुट्टीला मुंबईस आमच्याकडे आला होता. उटणे लावायला त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मी चरकलेच. फासळ्या मोजून घ्याव्यात!

"अरे, जेवतोस की नाही?"

"जेवतो गं काकू," म्हणून तो हसला. ते हसू काही मला खरे वाटले नाही.

खरे सांगायचे तर चूक माझीही होती. आदल्या दिवशी त्याने उंबऱ्यात पाऊल टाकले न टाकले, तोच मी विचारले होते, "काय रे, पॉइंटर किती आला?" आपण सगळ्याच असे विचारतो, नाही का? मुलाच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी त्याचे मार्क मागतो!

त्या रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर स्वारी स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. हातात मोबाइल, पण लक्ष त्यात नव्हते. मी चहा टाकणार होते, पण अशा वेळी चहा कसला? दूध गरम केले, समोर बसले, आणि मार्कांचे नाव काढले नाही. मग हळूहळू सारे बाहेर आले. दोन विषयांत केटी लागली होती आणि घरी सांगितले नव्हते. रात्री चारला झोपायचे, म्हणून सकाळचे तास बुडायचे. तास बुडाले की मन खायचे, आणि मन खायला लागले की पुन्हा झोप नाही. मेसचा डबा तसाच परत, पोटात नुसता चहा आणि वडापाव. "सकाळी उठावंसंच वाटत नाही काकू," तो म्हणाला.

मी धीर करून विचारले, "जिवाचं बरंवाईट करावं, असं मनात येतं का रे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदोनदा आलं होतं."

पुष्कळांना वाटते, असे विचारले तर नसता विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. तसे होत नाही. उलट विचारल्याने छातीवरचा धोंडा उतरतो, असे डॉक्टर सांगतात. ती रात्र मी त्याला एकटे सोडले नाही. सकाळी भाऊजींना फोन केला. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, पण दुपारच्या गाडीने आले आणि मुलाला जवळ घेतले. त्याच आठवड्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

वाचकहो, हे एका घरचे दुखणे नव्हे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, एवढे तरी विचारून घ्या.

डॉक्टरांनी औषधाबरोबर साध्या गोष्टी सांगितल्या. झोप सात तासांची तरी हवी आणि उठण्याची वेळ रोज एकच. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही, कारण तिचा अंमल कित्येक तास उतरत नाही. मोबाइल उशाशी नको, आणि रोज अर्धा तास पायी फिरणे. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर आळस म्हणून रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण दुखण्याला लागू नाही. डॉक्टर जवळ नसतील तर सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतूनही मिळते. जिवावरचे बोलणे ऐकू आले, तर मात्र दोन आठवडे सोडाच, दोन तासही थांबू नये.

आमच्या चिरंजीवांचा एक विषय सुटला, एक अजून बाकी आहे. राहीना का! गोळ्या चालू आहेत, वजन चार किलोंनी वाढले आहे, आणि दर रविवारी फोन येतो.

यंदा वसुबारसेला तो यायचा आहे. दारातच काय विचारायचे, ते मी पाठ करून ठेवले आहे : "झोप लागते का रे?"