गैरहजर गडी

मराठीच्या प्राध्यापकांनी कबड्डीवर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. 'गडी', 'भिडू', 'डाव', 'दम' हे शब्द आम्ही व्याकरणाच्या तासाला जितक्या निष्ठेने समजावून सांगतो, तितक्याच निष्ठेने ते मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडतही आलो आहोत. शिवाय अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागावला राहायचे आणि कबड्डीविषयी मत बाळगायचे नाही, हे अवघडच. पाऊस ओसरून जमीन वाळली की येथे आळीआळीतून मैदाने आखली जातात, मंडळांचे फलक लागतात आणि रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. त्याच सामन्यांतली मुले जूनमध्ये आमच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतात आणि महाविद्यालयाच्या नावाने विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरतात. मराठी विभागातले आम्ही तिघे या संघाचे जुने चाहते. नवा हंगाम तोंडावर आला आहे. त्यानिमित्ताने काही अपेक्षा, थोडी भीती आणि एक कबुली.

आधी संघाविषयी. आमचा मुख्य चढाईपटू यंदा तृतीय वर्षात आहे. गेल्या हंगामात तो प्रामुख्याने बोनसवर जगला. समोर सहा-सात गडी असताना बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून मागचा पाय हवेत ठेवण्याची त्याची लकब देखणी आहे, यात वाद नाही. परंतु प्रतिपक्षाचे गडी पाचवर आले की बोनस मिळत नाही, आणि तेथेच त्याची चढाई मुकी होई. उन्हाळ्यातल्या गावच्या सामन्यांत मात्र त्याने हाताने गडी टिपताना आम्ही पाहिले. ही सुधारणा मॅटवर टिकली, तर लोण चढवण्याची भाषा आम्ही करू शकू. डावा कोपरा भक्कम आहे. घोट्यावर त्याची पकड बसली की चढाईपटूला मध्यरेषा दिसत राहते, गाठता मात्र येत नाही. उजवा कोपरा पदवी घेऊन गेला, त्याची जागा रिकामी आहे. मधली जोडी नवी असून साखळी करताना दोघांपैकी एक नेहमी अर्धा क्षण आधी निघतो. मोठी चिंता तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर बाद व्हायचे. त्या वेळी हाक मारावी असा दुसरा गडी आमच्याकडे नाही. चौलहून प्रथम वर्षाला आलेल्या एका मुलाकडे आम्ही आशेने पाहतो आहोत. त्याच्याविषयी अधिक लिहिणे म्हणजे दृष्ट लावणे.

इतके समीक्षण कोणीही चाहता करील. आमच्या संघाची खरी अडचण मात्र खेळाडूंच्या गुणदोषांत नाही, ती ऋतुचक्रात आहे. गावचा हंगाम कोरड्या दिवसांचा, मातीवरचा. विद्यापीठाचे सामने येतात ते पावसाळ्यात किंवा पावसाच्या शेपटावर, आणि तेही मॅटवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरच्या जलक्रीडाही पावसाळ्यात थांबलेल्या असतात. म्हणजे जेव्हा मुले मोकळी असतात तेव्हा मैदानात चिखल असतो. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जातात, पुढे शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी परतते. मैदान जेमतेम सुकू लागते तेव्हा कोणी वडिलांबरोबर होडीवर, कोणी वाडीतल्या कॉटेजवर पाहुण्यांच्या खोल्या दाखवत असतो. हे पैसे घरात लागतात. त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आम्हांला नाही.

तरीही मुले सराव करतात. ओहोटीच्या वेळी सुरूच्या बनाकडेने ओल्या वाळूवरून ती आक्षीपर्यंत धावत जातात आणि परत येतात. ज्या आक्षीचा शिलालेख आम्ही शके ९३४ चा म्हणून, मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून शिकवतो, तेच हे आक्षी. त्या शिलालेखातल्या शब्दरूपांवर आम्ही तासन्‌तास बोललो आहोत. त्याच गावापर्यंत रोज पहाटे धावणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांविषयी हजेरीपटावर आमच्या हातून एकच अक्षर उमटले आहे : 'गै'.

आता कबुली. गेल्या हंगामात बाद फेरीतला सामना दुसऱ्या तालुक्यात, सकाळी होता. त्याच सकाळी आमच्या विभागाची अंतर्गत चाचणी होती. डावा कोपरा आमचाच विद्यार्थी. चाचणी दोन दिवस पुढे ढकलावी, असा निरोप जिमखान्याकडून आला होता. वेळापत्रक एकदा लागले की बदलू नये, एकाला सवलत दिली की दहा जण मागतात, अशी कारणे आम्ही दिली. ती खोटी नव्हती. मुलगा चाचणीला बसला. राखीव खेळाडू घेऊन उतरलेला संघ दोन गुणांनी हरला. चाचणीतला प्रश्न होता : ग्रामीण साहित्यातील गावाचे चित्रण. त्याला वीसपैकी अकरा गुण मिळाले. काही दिवसांनी आम्ही त्याच्याजवळ विषय काढला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "जाऊ द्या सर, पेपर तर लिहिला ना." या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अजून आमच्या मनातून गेलेले नाही.

मराठीत 'पाय ओढणे' हा वाक्प्रचार निंदेचा आहे. कबड्डीत पाय धरणे ही कला आहे, कारण तेथे पाय प्रतिपक्षाचा असतो आणि धरणारा समोर उभा असतो. आम्ही आपल्याच गड्याचा पाय धरला, तोही नियमांच्या आडून. मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवणारे आणि वर्गात गैरहजेरी लावणारे आम्ही एकच आहोत, हे चाहतेपण तपासून पाहिल्याशिवाय येत्या हंगामाविषयी बोलणे आम्हांला अप्रामाणिक वाटते.

यावर कोणी म्हणेल, खेळायचेच असेल तर मुलांनी थेट व्यावसायिक वाट धरावी. महाविद्यालय हवे कशाला? २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. हे आकडे आमच्या मुलांना पाठ आहेत. खेळाला मोल आले याचा आनंदच आहे. परंतु लिलावाच्या पडद्यावर झळकणाऱ्या प्रत्येक नावामागे गावोगावचे असंख्य गडी असतात. त्यांचे गुडघे पंचविशीत कुरकुरू लागतात आणि हातात पदवी नसते. आमच्यासारख्या महाविद्यालयाने करण्याजोगे काम तेथे आहे. एकाच मुलाला खेळाडू आणि विद्यार्थी दोन्ही राहू देणे, हे ते काम. २०२४-२५ पासून आपल्याकडे लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमरचनेत क्रीडेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. कागदावर वाट खुली झाली आहे. वेळापत्रक लावणारे हात मात्र आमचेच राहणार.

मुलींच्या संघाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे टिपण लंगडे राहील. आमच्या मुलींचा बचाव मुलांपेक्षा शिस्तीचा आहे. साखळी करताना त्या एकमेकींकडे पाहतही नाहीत, इतका अंदाज पक्का. पण सराव रंगात येतो तेव्हा गावाकडची एस.टी. सुटायची वेळ होते. मुलगा मित्राच्या दुचाकीवर मागे बसून घरी पोहोचतो. मुलीसाठी सराव पाऊण तास आधी संपतो. सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा दम कमी पडतो, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. तो पाऊण तास आम्ही कधी हिशेबात धरला नव्हता.

तर येत्या हंगामाकडून आमच्या अपेक्षा अशा. संघ विभागीय फेरी ओलांडील, असे मन म्हणते. उजवा कोपरा सापडला नाही तर ओलांडणार नाही, असे डोळे सांगतात. करंडक आला तर आम्ही नाचू. पण त्याआधीची अपेक्षा लहान आहे : पहिल्या सामन्याला उतरलेले सात जण शेवटच्या सामन्यालाही तेच असावेत. मुलींचा सराव दुपारच्या रिकाम्या तासांत घ्यावा, असे आम्ही जिमखान्याला लेखी सुचवले आहे. त्या तासांपैकी दोन तास आमचेच होते, ते सकाळी हलवले आहेत. विभागाच्या चाचणीची तारीख यंदा स्पर्धेचे वेळापत्रक हाती आल्यावरच ठरेल.

पहिल्या सामन्याला आम्ही तिघेही जाणार आहोत. त्या दिवशी वर्गात गैरहजर असू, तर ते आम्ही.