छावणीच्या पाण्याचा हिशेब कुंपणापाशी थांबतो काय?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १८७७ साली वसलेली फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या ९२ व ९३ क्रमांकाच्या डिव्हिजनचे प्रशिक्षण येथेच झाले. छावणी आणि शेजारचे सिएरा व्हिस्टा शहर भूजलावर जगते. तेच भूजल सॅन पेद्रो नदीला वाहते ठेवते. म्हणून शास्त्रज्ञांनी उपसा, पुनर्भरण आणि प्रवाह यांचे गणिती प्रारूप मांडले. उपशाचा परिणाम नदीवर दिसायला वर्षे, कधी दशके लागतात. आज विहीर बंद केली तरी कालच्या उपशाची वसुली चालूच राहते.

छावणीने आपला उपसा निम्म्याहून कमी केला, हे मान्यच करावे लागेल. पण २००३ च्या कायद्याने दुर्मिळ जीवांच्या संरक्षणाबाबत लष्कराची जबाबदारी त्याच्या ताब्यातील पाणीवापरापुरती मर्यादित केली. मग छावणीच्या नोकऱ्यांवर कुंपणाबाहेर वसलेली घरे कोणाच्या खात्यात लिहायची? आमच्या मते हा वाद गणिताचा नाही, हिशेबाची हद्द कोण आखतो याचा आहे. बाहेरची मागणी वगळणारे प्रारूप कितीही अचूक असले तरी ते अपुरेच मानले पाहिजे.