दीड तासाचे अंतर कोणाचे?

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांमधले अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ते तोडण्यास तासाहूनही कमी वेळ पुरावा, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. तथापि वेळापत्रकात या प्रवासास सुमारे दीड तास दाखविलेला असतो. मधला अर्धा तास जातो कोठे? तो धावपट्टीपर्यंत सरकण्यात, उंची गाठण्यात आणि उतरण्याची पाळी येईपर्यंत मुंबईच्या आकाशात घिरट्या घालण्यात खर्ची पडतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. त्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. हा ताण हलका व्हावा म्हणून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु प्रवाशाचा वेळ केवळ आकाशात जात नाही. विमानतळ गाठणे, तेथे तास-दीड तास आधी हजर राहणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा शहराच्या गर्दीतून वाट काढणे, हे सारे जमेस धरले तर दीड तासाचे चार-पाच तास सहज होतात. वेळापत्रक खोटे नसते. ते अपुरे असते.

या अपुरेपणाची खरी झळ पोचते ती नागपूरच्याही पलीकडे राहणाऱ्यास. गडचिरोलीहून नागपूर रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. म्हणजे अंतर विमानमार्गाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचे, आणि वेळ मात्र त्याच्या दुपटीहून अधिक! उपचारासाठी परळला निघालेल्या तिकडच्या रुग्णाचा प्रवास विमानात बसण्यापूर्वीच अर्धा झालेला असतो. आणि तिकिटाचे पैसे नसतील, तर त्याच्यापुढे रेल्वेमार्गाचे ८३७ किलोमीटर उभेच असतात.

विदर्भ मुंबईपासून दूर आहे, हे राज्याच्या धुरीणांनी फार पूर्वी ओळखले होते. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले ते उगीच नव्हे. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्णपणे खुला झाला. दोन टोके जवळ आली, यात शंका नाही. पण टोके जवळ आली म्हणजे प्रांत जवळ आला, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल.

आमचे म्हणणे एवढेच की, वाचलेल्या वेळेची घोषणा करताना राज्यकर्त्यांनी घड्याळ धावपट्टीवर न लावता तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर लावावे. विमानतळांना जोडणाऱ्या गाड्या, आडवळणाचे रस्ते आणि पावसाळ्यात टिकणारे पूल यांचा हिशेब त्याच घड्याळाने व्हावा. मंत्र्यांना नागपूर दीड तासावर आहे. प्रजेला ते किती तासांवर आहे, हाच राज्यकारभाराच्या कसोटीचा प्रश्न आहे.