मागच्या सीटचा विमा

जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीत दुचाक्यांचे सौदे सुरू होतात. खेड्यावरून येणाऱ्या पोराला एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून बाप हातउसने करून गाडी घेतो. गाडी बापाच्या नावावर, चालवणार पोरगा, मागे बसणार त्याचा मित्र. विम्याचा विषय निघाला की वाक्य ठरलेले असते, "पोलिसानं धरू नये एवढा काढून द्या."

एवढा म्हणजे थर्ड पार्टी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी सरकारने जून २०२२मध्ये वर्षाला ७१४ रुपये दर ठरवला, वर जीएसटी. अमेरिकेत कॉलेजच्या वयाचा मुलगा गाडी चालवणार म्हटले की हप्ता भरमसाट वाढतो. आपल्याकडे या दरात इंजिन बघतात, चालवणाऱ्याचे वय नाही. म्हणून बापाला वाटते, काम स्वस्तात झाले.

पण हा विमा तुमच्या गाडीने ज्याला धडक बसेल त्याच्यासाठी आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भरपाई मिळते, ती मिळायलाच हवी. गाडीवर बसलेल्या दोघांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तिलकसिंग प्रकरणात स्पष्ट सांगितले, की निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसणारा येत नाही. म्हणजे मागे बसलेल्या मित्राचे काही बरेवाईट झाले तर कंपनी हात वर करू शकते आणि दावा गाडीमालकावर, म्हणजे त्या बापावर येतो. पारगाव, तेरखेड्याकडून महामार्गाला लागणारी पोरे मी रोज बघतो, एका गाडीवर दोघे, कधी तिघे. हंगामात पुढे बिनालाइटच्या उसाच्या ट्रॉल्या. जीव खालीवर होतो.

पूर्ण पॉलिसी, जिला एजंट पॅकेज किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात, ती घेतली तर मागे बसणाऱ्याची जबाबदारीही कंपनीवर येते. थर्ड पार्टीपेक्षा पैसे जास्त लागतात, हे खरे. तरी माझे ठाम मत आहे, मोबाइलचे कव्हर आणि सीटचे नवे कापड घ्यायच्या आधी हे पैसे घाला.

चालवणाऱ्याचेही बघा. १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच मालक-चालकासाठी असते, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्याकडे, त्याच्यासाठी. रोज चालवणारा मुलगा अठरा पूर्ण असेल, पक्का परवाना असेल, तर गाडी त्याच्याच नावावर घ्यावी आणि कवच त्याच्यासाठी काढावे.

अकरावीच्या पोरांची गोष्ट निराळी. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीपुरताच परवाना मिळतो. अल्पवयीनाने गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर, विना परवाना चालवताना कोणी जखमी झाले तर कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते. अशा वेळी शेत विकायची पाळी येते.

चारचाकीवाल्यांना एवढेच सांगेन, दावा न केल्याचा नो क्लेम बोनस पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि मुदत संपून ९० दिवस उलटले की सगळा जातो. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करू नका, नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवू नका.

जुनी दुचाकी घेणाऱ्यांचे अजून एक. आरसी नावावर केली की विमा आपोआप पूर्ण आला असे समजू नका. थर्ड पार्टी गाडीबरोबर येते, पण गाडीच्या नुकसानीचे कवच १४ दिवसांत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्यावे लागते आणि बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. वाशीत सौदा बहुधा चहाच्या टपरीवर होतो. तिथेच पॉलिसीचा कागद मागा, आणि सही करण्याआधी त्यात मागे बसणाऱ्याबद्दल काय लिहिले आहे ते पोराकडून मोठ्याने वाचून घ्या.