सोयर पाळा, घुटी थांबवा

बेळगाव-निपाणी पट्ट्यात बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण बाळ घरी आलं की ताबा आजीकडे. हे चांगलंच आहे. मात्र आजीचं काय ऐकायचं आणि काय सोडायचं, यावरून घरोघरी धुसफूस चालते.

सोयर घ्या. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत उठसूट कुणी जायचं नाही, गेलंच तर हातपाय धुऊन. आमच्या निपाणीकडे वखारीतून आलेली किंवा विड्या वळून उठलेली बाई लुगडं बदलल्याशिवाय तान्ह्याला मांडीवर घेत नसे, कारण पदराला तंबाखूचा खकाणा असायचा. या रीतीला विटाळाचं नाव होतं, बंद खिडक्यांची अंधारी खोली होती. ते जायलाच हवं होतं. पण त्याबरोबर शिस्तही गेली. आता बारशाआधीच पाहुण्यांची रीघ लागते आणि खोकणारा मामाही बाळाचा पापा घेतो. ही शिस्त परत यावी, असं माझं ठाम मत आहे.

कोमट तेलाचं मालीश, कुंची, मऊ जुन्या लुगड्याचं दुपटं, आईच्या अंगाची ऊब, हेही सगळं ठेवावं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला आज डॉक्टरच सांगतात. नाकाकानात तेल सोडणं आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणं मात्र नको.

घुटीचं सोडणं जड जातं. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ यांचे एकदोनच वेढे, तेही आईच्या दुधात. त्या मोजूनमापून देण्यात मोठी माया होती. तरीही पहिले 6 महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. सहाण, पाणी आणि चाटवणारं बोट दर वेळी स्वच्छ असेलच असं नाही. मध तर वर्षाच्या आत नाहीच. पहिला चीक पिळून टाकणं हे सर्वांत मोठं नुकसान.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वाटेने पुढे आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या 42 दिवसांत सहा वेळा येतात, वजन आणि ताप पाहतात. सोयराच्या नावाखाली त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका.

आणि आज्यांनो, बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. सुनांनो, घुटीला नको म्हणताना मालिशीची वाटी मात्र सासूबाईंच्याच हाती द्या.