धूळपाटीचे नवे भक्त

जंगलातल्या मुलाला पडदा कशाला हवा, असा प्रश्न हल्ली काही सुशिक्षित मंडळी विचारू लागली आहेत, आणि तो इतक्या कळवळ्याने विचारतात की उत्तर देणाऱ्यालाच ओशाळे वाटावे. या मताचे जे पुरस्कर्ते सध्या सर्वांत मोठ्या आवाजात बोलत आहेत, त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रोजेक्टर, टॅब, मोबाईल यांनी मुलांचे चित्त विखुरते आणि कल्पनाशक्ती आटते. खरी सर्जनशीलता मातीत, पानांत, बियांत असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तर साक्षात अरण्याची शाळा लाभली आहे, तिच्यात यंत्र घुसवणे हा अत्याचार आहे. शिवाय स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने छापील पुस्तके परत आणली, मग आपण उलट्या दिशेने का धावतो? तेव्हा जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी तारा काढून ठेवाव्यात आणि मुलांना घेऊन मोहाच्या झाडाखाली बसावे. सुटसुटीत आणि बिनखर्चाची योजना आहे. तिला टाळ्याही पडतात, विशेषतः वातानुकूलित सभागृहात.

यातले काही मुद्दे एका वाक्यात मिटण्यासारखे आहेत, ते आधी मिटवू. वीज जाते म्हणून उपकरण नको, हा युक्तिवाद मान्य केला तर दवाखान्यातला लसींचा फ्रीजही काढावा लागेल. डोळे बिघडतात हे खरे, म्हणून वेळ मोजून द्यावा. पुरवठादारांचे उखळ पांढरे होते हेही खरे, पण त्याची चौकशी लेखापरीक्षकाने करावी, शिक्षा पोराला कशाला? टाळेबंदीत ऑनलाइन शिकवणे फसले, हा पुरावा तर इथे लागूच पडत नाही. भामरागड-एटापल्लीच्या कित्येक गावांत तेव्हा मोबाईलला रेंजच नव्हती. जे पोहोचलेच नाही ते फसले कसे? आणि स्वीडनचे म्हणाल, तर तिथल्या शाळांना पुस्तके आणि ग्रंथालये पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली. भरल्या पोटी एकादशी करणाऱ्याने उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगावे, त्यातला हा प्रकार.

खरा मुद्दा अरण्याचा. ‘जंगल हीच शाळा’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते कोण कोणाला सांगतो हे पाहिले पाहिजे. या जंगलाचा कारभार आज कसा चालतो? ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातले वाघ कॅमेरा ट्रॅपने मोजले जातात, अंगावरचे पट्टे संगणकावर जुळवून एकेक वाघ ओळखला जातो. वनरक्षक गस्तीच्या नोंदी मोबाईलमधल्या ॲपवर करतो. बल्लारपूरच्या, म्हणजेच बल्लारशाच्या, आगारातल्या सागवानाची कीर्ती इतकी की 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड इथून गेले, आणि त्या लाकडाचे घनफळ काही कोणी पळसाच्या पानावर मोजले नव्हते. लोहखनिज असो, कोळसा असो, बांबू असो, या दोन जिल्ह्यांतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू यंत्राने मोजून, यंत्रावर नोंदून जाते. यंत्राला मज्जाव कुठे, तर फक्त पहिली ते चौथीच्या वर्गात. जंगल राखणाऱ्याला यंत्र चालते, तोडणाऱ्याला चालते, विकत घेणाऱ्याला तर चालतेच. त्याच जंगलात जन्मलेल्या पोराच्या हाती मात्र पान-फूल-गारगोटी. याला निसर्गशिक्षण म्हणायचे की वाटणी?

बल्लारपूरला हा प्रश्न विचारण्याचा थोडा जास्त अधिकार आहे. वर्धा नदीच्या काठी, गोंड राजांच्या जुन्या राजधानीच्या जागी वसलेले हे गाव गेली कित्येक दशके कागदासाठी ओळखले जाते. इथल्या कागद उद्योगाची कंपनी 1945 साली स्थापन झाली. आलापल्ली-भामरागडकडच्या जंगलांतला बांबू इथे आला, त्याचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला आणि त्या कागदाच्या वह्या देशभरच्या मुलांनी भरल्या. कागद हेही तंत्रज्ञानच, आणि साधेसुधे नव्हे: रसायने, वाफ, अजस्र रूळ आणि नदीचे पाणी लागणारे. ज्यांच्या बांबूवर देशाने अक्षरे गिरवली, त्यांच्या मुलांना पुढचे साधन देण्याची वेळ आली तेव्हाच नेमकी निसर्गाची आठवण व्हावी, हा योगायोग मोठा सोयीचा आहे. बरे, ज्यांचे हे जंगल, त्यांनी स्वतः काय केले? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा अधिकार गावाने वापरून दाखवला. त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट होते, कायद्याचे वाचन होते, हिशेब होते. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी आपल्या हद्दी जीपीएसने मोजून नकाशावर आणल्या. जंगल ही शाळा आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. जंगल वाचवायला नकाशा लागतो, एवढे मात्र त्यांना कळले, आणि आमच्या सद्गृहस्थांना अजून कळायचे आहे.

चित्त विखुरण्याचा आरोपही याच झाडाची फांदी आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून निघालेल्या मंडळ्या गावोगाव फिरतात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने शेतात मंडप पडतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. आईच्या मांडीवरच्या पोरापासून काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे जागे असतात. तिथे ध्वनिक्षेपक आहेत, रंगीत दिवे आहेत, विजेवर चालणारे वाद्य आहे. एवढी यंत्रे असूनही कोणाचे चित्त विखुरले, झाडीबोलीतला विनोद कोणाला कळेनासा झाला, असे ऐकिवात नाही. कारण यंत्र तिथे नाटकाच्या चाकरीत आहे, आणि नाटक आपल्या माणसांचे, आपल्या बोलीत आहे. जे पोर रात्रभर डोळ्याला डोळा लागू न देता नाटक बघते, त्याच पोराला सकाळी वर्गात दहा मिनिटांत जांभई येते, तर दोष त्याच्या एकाग्रतेचा की वर्गातल्या प्रयोगाचा?

या मताला वंशावळ आहे, म्हणून थोडे आडवाटेला जातो. जुन्या शाळेत पंतोजींपुढे मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. पुढे दगडी पाटी आली, बोरूच्या जागी टाक आला, टाकाच्या जागी झरणी आणि झरणीच्या जागी बॉलपेन. प्रत्येक बदलाच्या वेळी अक्षराचा आणि संस्काराचा शेवट जवळ आल्याची घोषणा झाली. बॉलपेनने तर इतकी भीती घातली होती की ते वर्गात वापरायला बंदी करणारे मुख्याध्यापक होऊन गेले. गणकयंत्र आले तेव्हा पाढ्यांचे श्राद्ध घालायची तयारी झाली. ज्यांनी तेव्हा हे वाद घातले त्यांची नावे आज उकरण्यात अर्थ नाही, त्यांची कारणे अगदीच पोकळ होती असेही नाही. गंमत एवढीच की आजचे नव्या साधनांचे विरोधक ज्या खडू-फळ्याची आरती करतात, तो फळासुद्धा अनेक शाळांत नव्हता, म्हणून सरकारला 1987 साली खडू-फळा योजना काढावी लागली: दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य. म्हणजे आज जी ‘परंपरा’ म्हणून पुजली जाते, ती कित्येक गावांत चाळीस वर्षांचीही नाही.

आता प्रतिपक्षाच्या हाती एक बऱ्यापैकी हत्यार आहे, ते लपवण्यात प्रामाणिकपणा नाही. पेरूने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि गणित व भाषेत त्याचा फरक दिसला नाही, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात आढळले. युनेस्कोच्या 2023च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञानाच्या फायद्याचा भक्कम पुरावा कमी आहे, असे बजावले. हे सारे मान्य. पण मग पुरावा पुरता वाचावा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या गुजरातमधल्या एका अभ्यासात संगणकावरचा तोच कार्यक्रम दोन रीतींनी वापरून पाहिला. शिकवण्याच्या तासाच्या जागी तो बसवला तेव्हा मुले मागे पडली. शाळा सुटल्यावर जोडीला दिला तेव्हा ती पुढे गेली, आणि फायदा प्रामुख्याने कच्च्या मुलांचा झाला. दिल्लीतल्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच: इयत्ता बाजूला ठेवून मुलाला प्रत्यक्ष जे येते तिथून सराव देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली मजल मारून दिली. आमचे सद्गृहस्थ पेरू सांगतात आणि गुजरातचा अर्धाच भाग सांगतात. मास्तर हटवून तिथे पडदा बसवू पाहणारा विक्रेताही अर्धाच भाग सांगतो, उरलेला. दोघे एकत्र बसले तर एक पूर्ण अहवाल तयार होईल.

तेव्हा वाद यंत्राचा नसून ते कोणाच्या हाती आहे आणि त्याने मूल काय करते, याचा आहे. इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु कोड उघडल्यावर मुलाने कोणीतरी दुसरीकडे केलेली चित्रफीत पाहायची, एवढ्यावर गाडी थांबली तर ती सरकत्या चित्रांची घोकंपट्टी. भिंतीवर स्मार्ट बोर्ड लावून त्यावर धडाच मोठ्या अक्षरांत दाखवणे म्हणजे जुन्या फळ्याला वीजबिल लावणे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली तेव्हा आग्रह एकच होता: हाताने काम करता करता शिकणे. तेव्हा हातात टकळी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत कुरणशाळा नेली, पुण्यात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या नळीतून भूमिती शिकवली. काडी, टकळी, मोबाईल यांत जातिभेद मानायचे कारण नाही. या मंडळींचे नाव घेऊन यंत्राला विरोध करणारे त्यांची वस्तू उचलतात आणि पद्धत विसरतात.

मंडनाची बाजू यापेक्षा आखूड आहे, कारण ती अजून फारशी करून पाहिलेली नाही. पण तिची दिशा भाषेपासून सुरू होते. इथल्या वर्गात मराठी पुस्तकापुढे बसलेल्या मुलाच्या घरी माडिया किंवा गोंडी असते, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, आणि बल्लारपुरात कोळसा-कागदाच्या निमित्ताने जमलेली अर्धी भारतमाता. 2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख होते. एवढ्या लोकांच्या भाषेला छापखान्याने फारसे विचारले नाही. संगणकाने मात्र मसराम गोंडी लिपीला 2017 साली आणि गुंजाळा गोंडी लिपीला 2018 साली युनिकोडमध्ये जागा दिली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, म्हणजे मागणी कोणी बाहेरून लादलेली नाही. मग पाचवीतल्या मुलांनी आजीकडून पक्ष्यांची, कंदांची, नांगराच्या भागांची नावे मोबाईलवर नोंदवावीत, ऐकून लिहावीत, शेजारी मराठी शब्द बसवावा, चित्र काढावे आणि पुस्तक तयार करावे. पुढच्या वर्षीच्या पहिलीला तेच वाचायला द्यावे. इथे मोहाचे झाडही आहे, आजीही आहे, मातीही आहे, आणि यंत्रही. गुरुजींना त्यासाठी आठवड्यातले दोन तास हवेत, जे आज माहिती भरण्यात जातात. बिघडलेले उपकरण महिन्याभरात दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला हवा. नव्या खरेदीपेक्षा या दोन गोष्टी अवघड आहेत, म्हणूनच त्यांची घोषणा होत नाही.

गणित-विज्ञानासाठी तर सामग्री डोक्यावरच तळपते आहे. चंद्रपूर हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक, आणि उन्हाळ्यात इथल्या शाळा सकाळच्या भरतात त्या उगाच नव्हे. एक साधा अंकीय तापमापक पत्र्याच्या वर्गात, एक कौलारू वर्गात, एक चिंचेखाली. तासातासाला मुलांनी नोंद घ्यावी, सरासरी काढावी, संगणकावर आलेख रेखावा, खाली मराठीत आणि गोंडीत दोन ओळी लिहाव्यात आणि तो कागद, बल्लारपूरचाच असला तर उत्तम, ग्रामपंचायतीच्या टेबलावर नेऊन ठेवावा. एक प्रत त्या सद्गृहस्थांनाही धाडता येईल. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता पत्र्याखालचा आकडा किती आला आणि चिंचेखालचा किती, हे त्यांनी पंख्याखाली बसून निवांत वाचावे. चिंचेखालचा आकडा कमी भरला, तर झाडाखाली वर्ग भरवण्याच्या त्यांच्या सूचनेला निदान एक पुरावा मिळेल, आणि तोही यंत्राने मोजलेला.