चार कंठांचें एक गाणें

सावर्ड्याहून कोंकण रेल्वेनें दक्षिणेस निघालेला प्रवासी कांहीं तासांत मडगांवीं उतरतो. शिमग्याच्या सुमारास तो गेला, तर तिकडे ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चाललेला असतो. इकडे आपल्या वाड्यांत खेळ्यांचा मृदंग घुमत असतां तिकडे इगर्जींत, क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीच्या मिरवणुकींत, व्हायोलिनाच्या साथीनें एक गंभीर गीत त्याच्या कानीं पडतें. गोंव्यांत त्यास मोतेत म्हणतात.

मोतेताचें मूळ घर युरोप. सोळाव्या शतकांत इटलीचा पालेस्ट्रीना व स्पेनचा व्हिक्टोरिया यांनीं त्यास फार उंचीवर नेलें. व्हिक्टोरियाचें 'ओ माग्नुम मिस्टेरिउम' 1572 सालीं छापलें गेलें. नवजात प्रभु गोठ्यांत निजला आहे व गुरेंढोरें त्यास पाहत आहेत, एवढाच विषय. गाणारे कंठ चार. सर्वांत उंच कंठ आरंभ करतो. पंचमाइतका खालीं उतरून पुन्हा वर येतो. त्याचें वाक्य चालू असतांच दुसरा कंठ तेंच उचलतो, आणि मागाहून खालचे दोघे येतात.

भजनांत बुवा चरण म्हणून थांबतो, मग टाळकरी तो झेलतात. येथें थांबणें नाहीं. दुसरा गात असतां आपलें गावयाचें, आणि गातां गातां त्याचेंही ऐकावयाचें. हें किती अवघड, तें आम्हीं दोन मुलांकडून करवून पाहिलें. एक मोठ्यानें ओरडूं लागला, दुसरा त्याच्याच सुरामागें धांवला. सर्वांस हसूं आवरेना.

हें परक्यांचें गाणें, असें कोणी म्हणेल. पोर्तुगीज सत्तेबरोबर तें आलें, व ती सत्ता कोमल नव्हती, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु गोंव्याच्या इगर्जींच्या शाळांतून मेस्त लोकांनीं मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविलें, तें आज कोणाचें म्हणावें? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) तेथील इगर्जीच्या गायकमेळ्याच्या गुरूचे पुत्र. मुंबईंत बोलपटांच्या वाद्यवृंदांसाठीं त्यांनीं रचना केल्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं 1977 सालीं 'अमर अकबर अँथनी'मध्यें गुरूचें नांवच गाण्यांत गुंफलें. तें गाणें ज्यानें ऐकलें नाहीं असा पालक विरळा!

आणि तरीही दहावीचें वर्ष आलें कीं गाण्याचा तास गणितास दिला जातो, व पालक त्यास संमति देतात. आम्हांस हें मान्य नाहीं. आठवड्यास एक तास तरी गाण्याचा राहूं द्यावा, व त्यांत एकदां चार कंठांचें गाणें मुलांनीं शिकावें. अभंग मात्र अशा रीतीनें बांधूं नये. रागाचें गाणें एका कंठांतच फुलतें, हें जाणत्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. मोतेत मोतेत म्हणूनच शिकावें. लातिन शब्दांची भीति नको. अर्थ आधीं मराठींत फळ्यावर लिहावा, म्हणजे झालें. आरंभास आठ मुलें पुरेत. उंच गळ्याचीं दोन तर रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं शेवटल्या रांगेंतून स्पष्ट ऐकूं येतात.